रोज हितंच

आपला मुलगा गौरव समोरून येताना दिसला, तशी महिपतीने कागदात मान खुपसली.

लोणावळ्याच्या भाजीबाजारात एका बंद दुकानाच्या पायरीवर तो बसला होता. मांडीवर पुठ्ठा, शेजारी रंगाची पेटी आणि पाठीमागे न उघडलेला डबा. बायकोने तो सकाळी सुदुंबऱ्यात भरून दिला होता, कारखान्यात खायला.

कारखान्याने त्याला दिवाळीनंतरच घरी बसवलं होतं. पेंट शॉपमध्ये उभं आयुष्य पत्र्यावर पांढरा रंग मारण्यात गेलं. आता ते काम यंत्रं करत होती. घरी सांगायला त्याची जीभ रेटली नाही. तळेगावला मोटरसायकल लावून तो लोकलने लोणावळ्याला यायचा, कारण इथे त्याला ओळखणारं कुणी नव्हतं. पण रिकाम्या बसलेल्या माणसाला लोक हटकतात. म्हणून त्याने शाळेतल्या पोरांची असते तसली रंगपेटी घेतली. कागदावर वाकलेल्या माणसाला कुणी काही विचारत नाही.

आधी नुसत्याच रेघोट्या. मग हळूहळू बाजार त्याला दिसायला लागला. ओल्या गोणपाटावरची मेथी, निळ्या ताडपत्रीखालचं निळसर ऊन, चिरलेल्या भोपळ्याचं केशरी, हमालाचा घामाने भिजून गडद झालेला सदरा. इतके रंग जगात होते आणि आपण एकच मारत बसलो, याचं त्याला नवल वाटायचं.

पालेभाजीवाली रतनबाई बेडशाहून यायची. तिने एकदा ब्रश धुवायला आपल्या तांब्यातलं पाणी दिलं आणि बजावलं, "महिपतीभाऊ, माझी कोथमीर कवळी काढा बरं. सुकलेली काढली तर कोन घेईल?" तेव्हापासून त्याच्या पायरीवर दुसरं कुणी बसत नसे. चहावाला न विचारता कप ठेवून जाई. संध्याकाळी परतताना मात्र लाज अंगावर यायची. घरी खोटं बोलायचं आणि इथे सुखाने बसायचं. "आज काम लय होतं," असं तो बायकोला सांगायचा आणि तिच्या डोळ्यांत बघायचं टाळायचा.

आणि आज गौरव कॉलेजच्या मित्रांबरोबर फिरायला आलेला.

"काका, भारी काढलंय," एक पोरगा थबकून म्हणाला. मग रतनबाईकडे वळला. "हे इथलेच का?"

"आमचेच की," रतनबाई कौतुकाने म्हणाली. "महिपतीभाऊ. दिवाळीपासनं रोज हितंच असत्यात."

रोज. महिपतीची कानशिलं तापली. त्याला फक्त गौरवचे बूट दिसत होते. ते हलत नव्हते.

"गौरव, तुझे पप्पा पण पेंटमध्येच आहेत ना?" त्या पोराने सहज विचारलं.

"हं," गौरव म्हणाला.

एवढंच. आपल्या पोराने ओळख दिली नाही. बरंच झालं, असं महिपतीला वाटलं, आणि त्याच वेळी मेल्याहून मेल्यासारखं झालं. ही पोरं एकदाची पुढे जावीत, एवढंच तो मनात घोकत राहिला.

"काका, हे चित्र आम्हाला द्याल?"

"न्या की." त्याने कागद पुठ्ठ्यावरून सोडवला. आपली गेली ती गेली, निदान पोराची लाज राखावी, म्हणून मान वर न करता परक्याला विचारावं तसं त्याने विचारलं, "खाली कुनाचं नाव टाकू?"

मग ते बूट पुढे आले. गौरव त्याच्यासमोर उकिडवा बसला आणि मित्रांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाला,

"टाका. गौरव महिपती गाडे."