मिऱ्यांएवढे खडे

श्वेताचं पित्ताशय काढलं त्याच्या दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी त्यातले खडे बाटलीत घालून तिच्या आईच्या हातात दिले. मालनताईंनी बाटली लेकीपुढे खळखळ वाजवली.

"बघ! दिवसभर लोळायचं नि तेलकट खायचं. तेविसाव्या वर्षी हे नाही तर काय होणार?"

"मला थकायलाच होतं गं, आई," म्हणत श्वेताने तोंड भिंतीकडे वळवलं.

"तेलकटाचा यात दोष नाही हो," डॉक्टर म्हणाल्या. "कोलेस्टेरॉलचे खडे पिवळट असतात. हे काळे आहेत. रक्तातल्या तांबड्या पेशी वेळेआधी फुटत राहिल्या, की त्यांच्यातून निघालेला रंग पित्तात साठतो, त्याचे हे खडे. तिच्या अंगात रक्तही कमीच आहे. थकणारच ती. हे बरेचदा आईवडिलांकडून येतं. तुमच्यात कुणाला असे खडे झाले होते का?"

मालनताई बाटलीकडे बघत राहिल्या. श्वेता तान्ही असताना त्यांचंही हेच ऑपरेशन झालं होतं. तेव्हा सासूबाईंनी बाटली उजेडात धरली होती. "मिऱ्यांसारखे दिसतत गो! काम करूक नको, नुसता लोळूक होया. मग दुसरा काय होतला?"

त्यांनी बाटली खाली ठेवली आणि श्वेताच्या केसांवरून हात फिरवला. बराच वेळ फिरवत राहिल्या. मग अगदी हळू आवाजात त्यांनी विचारलं,

"म्हणजे डॉक्टर, मी पण आळशी नव्हते?"