बांगड्यांचं माप

पूर्णेच्या रेल्वे क्वार्टरात सुकेशनीच्या शेजारी लक्ष्मम्मा राहायची. तिच्या तेलुगूत ‘पापा’ म्हणजे लहान मुलगी. कुंपणापलीकडून ती “पापा!” अशी हाक मारायची, आणि सुकेशनीची तीन वर्षांची आम्रपाली धावत जाऊन, डोळे मिटून गाल पुढं करायची. मावशी पापा मागायलीय, असंच तिला वाटायचं. लक्ष्मम्माही हसत घ्यायची. पोरीची समजूत कुणी मोडली नाही, कशाला मोडायची?

नवऱ्याची बदली झाली तेव्हा लक्ष्मम्मानं दोऱ्यानं पोरीच्या हाताचं माप घेतलं आणि पदराला बांधून नेलं.

वर्षानं ती भेटायला आली. कुंपणाबाहेरूनच हाक दिली, “पापा!”

सुकेशनी एकटीच बाहेर आली.

लक्ष्मम्मानं पिशवीतून हिरव्या बांगड्या काढल्या. “एक नंबर बडी लाई. पापा बढ गई होगी ना?”

तीन महिन्यांमागं तापानं पोर गेली, एवढंच सांगायचं होतं. सुकेशनी कुंपणापाशी गेली आणि आम्रपालीसारखा, डोळे मिटून, आपला गाल पुढं केला.