ओठांवरची साक्ष

मागांच्या खडखडाटात कामगार आवाज न काढता ओठांनीच बोलत. विणकराचा नि त्याच कारखान्यात राबणाऱ्या त्याच्या बायकोचा अर्धा संसार तसाच झाला. कारखान्याची मालक परदेशी कंपनी मायदेशी कामगारांना कानझाकणं देई, इथं कापसाचा बोळाही नाही. कान गेल्याच्या भरपाईसाठी कोर्टात बहिरा विणकर साक्षीला उभा राहिला. प्रश्न समजावायला न्यायाधीशांनी बायकोलाच समोर बसवलं. "कान वयानं गेले असतील," कंपनीचा वकील म्हणाला. "बहिरेपण कळलं कधी?" तिनं ओठ हलवले. तो भलत्याच मोठ्यानं म्हणाला, "तिशीत! सुट्टी होती. ही दारातून नुसतेच ओठ हलवत होती. म्हटलं, वेडाबाई, घरी आहोत आपण, आता तरी आवाज काढ!" सगळे हसले. हसतच ती न्यायाधीशांकडे वळली. "तेव्हा मी ओरडत होते, साहेब." न्यायाधीशांनी ते लिहून घेतलं. "काय गं सांगितलंस?" त्यानं ओठांनी विचारलं. ती ओठांनीच म्हणाली, "तुमची चहाडी केली."