रत्नाबाईंची विरक्ती

डॉक्टर विश्वेश्वर यांनी रत्नाबाईंच्या दंडावरची पट्टी सोडली आणि पाऱ्याच्या यंत्राचं झाकण लावलं. "प्रेशर छान उतरलंय," ते म्हणाले. रत्नाबाईंच्या मुलानं, प्रतापरावांनी, सुटकेचा निःश्वास टाकला. त्यांची बायको कमला दाराशी उभी होती, तिनं पदर सावरला. रत्नाबाई मात्र भिंतीकडे बघत बसल्या होत्या. आपलंच प्रेशर उतरलंय हे त्यांच्या गावीही नव्हतं.

"उतरणारच," प्रतापराव म्हणाले. "आईनं रागच सोडलाय, डॉक्टर. विरक्ती आलीय तिला."

विरक्ती हा शब्द चामराजपेटेतल्या मराठा मंडळींनी काढला होता, आणि त्यांना तरी काय दोष द्यायचा? गेल्या वर्षापर्यंत रत्नाबाई म्हणजे तिखटजाळ बाई. घरात मराठीत, मार्केटात कानडीत आणि दूधवाल्याशी तमिळमध्ये भांडायच्या, आणि तिन्हीकडे जिंकायच्या. समाजात लग्नं जमवायची त्यांनी, मोडायची तीही त्यांनीच. कमलाच्या हातच्या सारूला, त्या पातळ आमटीला, त्यांनी उभ्या जन्मात चांगलं म्हटलं नव्हतं. मग एकदा असंच भांडता भांडता त्यांच्या नाकाचा घोळणा फुटला, प्रेशर भलतंच चढलेलं निघालं आणि सर्पगंधेपासून काढलेली ती पांढरी गोळी सुरू झाली. बेंगळुरात तेव्हा ही गोळी नवीनच होती. जेवणातलं मीठ बंद झालं त्या दिवशी त्यांनी सारूची वाटी अंगणात भिरकावली होती.

पण गोळी पोटात जाऊ लागली तशी जीभ थंडावली. आधी भांडण गेलं, मग बाजार, मग बोलणं. बिनमिठाचं सारू त्या मुकाट्यानं गिळू लागल्या. पहाटे उठून अंधारात बसू लागल्या. शेजारच्या कावेरीअक्कानं ते पाहिलं आणि रत्नाबाई ध्यान करतात असं पेठभर सांगितलं. लोकांना काय, पाया पडायला कुणीतरी हवंच असतं. भजनाला त्यांना पुढं बसवू लागले. नव्या सुना नारळ घेऊन यायला लागल्या. खोटं कशाला बोला, घरही सुखावलं. प्रतापराव दुकानातून वेळेवर परतू लागले. कमलानं लग्नानंतर पहिल्यांदाच आपल्या मनानं एक लुगडं घेतलं, तेही लालभडक. त्या घरात इतकं हसणं पूर्वी कधी कुणी ऐकलं नव्हतं. आणि त्या हसण्याच्या मधोमध एक बाई आतून विझत चालली होती. कुणाला दिसलं नाही, याचंच फार वाईट वाटतं.

डॉक्टर उठले नाहीत. "झोप कशी आहे?"

"पहाटेच उठते. ध्यानाला," प्रतापराव म्हणाले.

"गोळी देताना मी सांगितलं होतं. बोलणं कमी झालं, मन खचलं, रडू यायला लागलं, तर लगेच कळवा म्हणून."

"आत्याबाई रडत नाहीत," कमला घाईनं म्हणाली. "जप करताना स्वल्प पाणी येतं डोळ्यांत, एवढंच."

डॉक्टर रत्नाबाईंसमोर वाकले. "अम्मा, पहाटे कुणाचा जप करता?"

रत्नाबाईंची नजर भिंतीवरच होती. "कुणाचा नाही," रत्नाबाई म्हणाल्या. "कधी एकदा संपते, तेवढंच येतं मनात."

डॉक्टरांचा आवाज खाली आला. "ही विरक्ती नव्हे. ह्या गोळीनं काही माणसांचं मन असं खचतं. आता ही बंद. मी दुसरी लिहून देतो आणि ती लागू पडेपर्यंत रोज येऊन प्रेशर बघतो. अम्मांना एकटं सोडू नका, आणि आपल्या मनानं गोळ्यांत काही फेरफार करू नका." मग प्रतापरावांचा उतरलेला चेहरा पाहून त्यांनी धीर दिला, "घाबरायचं कारण नाही. हळूहळू अम्मा पहिल्यासारख्या होतील."

प्रतापरावांनी कमलाकडे पाहिलं. कमलानं प्रतापरावांकडे. पळभराचीच गोष्ट, आणि त्या बघण्यात काय होतं ते दोघांनीही कुणापाशी कबूल केलं नसतं. पण रत्नाबाईंनी नेमकी तेव्हाच भिंतीवरची नजर वळवली होती.

त्यांनी हात लांब केला आणि पांढऱ्या गोळ्यांची बाटली आपल्याकडे ओढून घेतली.

"सरी, असू दे डॉक्टर, हीच राहू दे," त्या म्हणाल्या. "गोळी मी खाते, पण गुण घराला आलाय."