वाफेची उंची

“आणखी चार बोटं खाली घे,” धनलक्ष्मीबाई म्हणाल्या.

रक्षिताने भिंतीवरची पेन्सिलची खूण पुसली आणि खाली नवी ओढली. ती ओव्हनच्या दुकानातून मापं घ्यायला आली होती. मूळची निपाणीची, त्यामुळे या कन्नड शहरात मराठी बोलणारं गिऱ्हाईक मिळालं की तिला बरं वाटे. पण हे गिऱ्हाईक सोपं नव्हतं.

के. आर. पुरममधला हा फ्लॅट विनोदकुमारचा. पुढच्या महिन्यात लग्न करून अनुषा इथे येणार होती. तिला काय द्यायचं हे धनलक्ष्मीबाईंनी केव्हाच ठरवलं होतं. दागिने नाहीत, भांडी नाहीत. एक स्टीम ओव्हन आणि एक स्पीड ओव्हन.

“दोन्ही एकावर एक बसवले तर?” विनोदकुमारने भीत भीत विचारलं. “फ्रिजशेजारी. जागा वाचेल, दिसायलाही छान.”

“दिसायला छान. आणि वरच्याचं दार उघडलं की वाफ थेट तोंडावर. अनुषा, इकडे ये. उभी राहा.”

अनुषा भिंतीसमोर उभी राहिली. धनलक्ष्मीबाईंनी तिचा हात धरून कोपरात वाकवला.

“वाफेचा इथे. छातीच्या खाली. सिंकजवळ, म्हणजे त्याची टाकी भरून आणताना पाणी सांडणार नाही. आणि शेजारी ओटा मोकळा हवा. गरम ट्रे घेऊन हिने घरभर फिरायचं नाही.”

अनुषाची बाही वर सरकली होती. मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याचा जुना व्रण होता. रक्षिताची नजर तिथे गेली.

“इडलीपात्र,” धनलक्ष्मीबाई म्हणाल्या. “झाकण काढलं आणि फोन आला. फोन कानाला, हात वाफेत. तसाच राहिला.”

“अय्यो! कुणाचा फोन?”

“होता एक.”

अनुषाने बाही खाली ओढली.

“पाणी बोअरचं असेल तर आत क्षार धरतील,” रक्षिताने विषय बदलला. “मशीनचा दिवा लागला की साफ करावं लागेल.”

“ते मी करेन,” विनोदकुमार म्हणाला.

धनलक्ष्मीबाईंनी त्याच्याकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं.

“स्पीड ओव्हन मात्र नको, आई,” अनुषा म्हणाली. “भात स्टीममध्येही गरम होतो.”

“होतो, पण हळू. यांना कामावरून, बोम्मसंद्र्याहून यायला उशीर होणार. तू ताट झाकून बसतेस, जेवत नाहीस. ह्यात मायक्रोवेव्ह आणि भट्टी दोन्ही आहे, आल्या आल्या गरम होईल. तू आपल्या वेळेला जेवायचं. वाट बघायची नाही.”

“मी लवकर येत जाईन,” विनोदकुमार म्हणाला.

“सगळे असंच म्हणतात.” मग त्यांनाच ते लागलं असावं. आवाज उतरवून म्हणाल्या, “गाडी हळू चालवा, जावईबापू. उशीर झाला तरी चालेल.”

रक्षिताने मापं लिहून घेतली. निघताना अनुषाला म्हणाली, “नशीब काढलंत, मॅडम. माझ्या आईने लग्नात मला नुसता मिक्सर दिला. तुमचे दोघींचे चेहरे मात्र वेगळे हं. वडिलांवर गेला असाल.”

“असेल,” धनलक्ष्मीबाईच म्हणाल्या.

यशवंतपूरच्या घरात दोघीच राहत होत्या. त्या संध्याकाळी अनुषाने भाजी निवडता निवडता हात थांबवला.

“मी गेल्यावर तुम्ही एकट्या काय कराल?”

“झोप काढीन. तू पहाटे भांडी आपटतेस.”

“मला नाही जायचं. मी आत्ताच त्यांना फोन करून सांगते.”

“सरी, ठीक आहे. कर फोन. आणि मग माझ्याबरोबर टीव्ही बघत म्हातारी हो.” त्यांचा आवाज चढला. “मी काय जन्माला पुरणार आहे? माझ्यामागे तुझ्या ताटावर झाकण ठेवायला तरी कोण आहे?”

अनुषा रडायला लागली. धनलक्ष्मीबाई तिच्याजवळ गेल्या नाहीत. आत गेल्या आणि नळ मोठा सोडून बराच वेळ तशाच उभ्या राहिल्या.

ओव्हन बसले ते लग्नाच्या आदल्या आठवड्यात. स्टीम ओव्हन सिंकशेजारी, स्पीड ओव्हन त्याच ओळीत ओट्याच्या पलीकडे. धनलक्ष्मीबाईंनी दार उघडून, लावून पाहिलं. वाफ अनुषाच्या चेहऱ्याला शिवली नाही. मग त्यांनी पिठाचा डबा उघडला आणि अनुषाला सारण भरून वाफवायचे कडबू करायला लावले.

कडबू छान झाले. एकही फुटला नाही.

“पहिल्यांदा केलेस तेव्हा सगळे फुटले होते,” धनलक्ष्मीबाई म्हणाल्या. “सारण एकीकडे, पीठ एकीकडे. सगळं घर हसत होतं.”

“सगळं नाही,” अनुषा म्हणाली. “एकाने ताटलीभर खाल्ले.”

विनोदकुमारने खाली मान घालून एक कडबू उचलला, खाल्ला, आणि दुसऱ्यासाठी ताटली पुढे केली. अनुषाने त्याला वाढलं. धनलक्ष्मीबाई पदराने चष्मा पुसत बाल्कनीत गेल्या.

लग्न नोंदणी कार्यालयात झालं. विनोदकुमारचे आईवडील नव्हते. त्याच्या बाजूने त्याचा भाऊ विठोजी उभा राहिला. अनुषाने फिकट पिवळी साडी नेसली होती. तिच्या केसांतला गजरा धनलक्ष्मीबाईंनी दोनदा सारखा केला.

“मुलीकडून साक्षीदार कोण?” अधिकाऱ्याने कन्नडमध्ये विचारलं.

धनलक्ष्मीबाई पुढे झाल्या. त्यांनी सही केली. अधिकाऱ्याने दोघींकडे पाहिलं आणि हसून म्हटलं, “आई ना?”

अनुषाने त्यांचा हात घट्ट धरला.

“नाही, साहेब,” धनलक्ष्मीबाई म्हणाल्या. “सासू. हिचा पहिला नवरा माझा मुलगा होता.”