दाराबाहेरचे जार

नळाच्या पाण्यात शिसं आहे हा सरकारनं दडपलेला अहवाल प्रयोगशाळेतून ह्यांनीच फोडला, हे फक्त मला ठाऊक होतं. टीव्हीवर एक जण फोडणाऱ्याला देवमाणूस म्हणत होता, दुसरा गद्दार. आम्ही आवाज बंद करून, आतून कडी घालून बसलो होतो. जिन्यात पाऊल वाजलं, की मी कडी पुन्हा चाचपून बघायचे.

बेल वाजली. ह्यांचा चेहरा पांढराफटक पडला. मी दाराच्या भिंगातून पाहिलं आणि माझा जीव भांड्यात पडला. पोलीस नव्हते, समोरची शेजारीण होती. तिची लेक अजून हॉस्पिटलातच होती.

दार उघडताच ती रडायलाच लागली. "भाऊजी, ज्यानं कुणी हे बाहेर काढलं, त्याचं भलं होवो. पोरीला काय झालंय ते डॉक्टरांना आज कळलं."

ह्यांना राहवलं नाही. "वहिनी, तो मीच."

तिनं ह्यांचे हात घट्ट धरले. मग तिची नजर दाराबाहेरच्या रिकाम्या जारवर गेली आणि हात हळूच सुटले.

"भाऊजी, तुमच्याकडे हे विकतचं पाणी मागच्या उन्हाळ्यापासून येतंय ना?"