कमरेचा पट्टा

तुरुंगाला भिंती नव्हत्याच. खाटेजवळ डॉ. हेमलता सबनीस मोकळ्या वावरत. लांब जाऊ लागलं की कमरेचा पट्टा, खाटेशी अदृश्य दोरीने बांधल्यासारखा, वाढत्या जोराने मागे ओढी. अणूच्या गाभ्यातल्या क्वार्क नावाच्या कणांना एकमेकांशी जखडणाऱ्या बलाचं हे गणित त्यांचंच. त्यावरून कैद्यांचे पट्टे बनवायला त्यांनी विरोध केला, तर पहिला पट्टा त्यांनाच घातला गेला.

भेटीला आलेल्या मुलीने, ऋताने, हात धरून त्यांना जिवाच्या आकांताने ओढलं.

“सोड! ताण तुटला तर...”

“तुटू दे, आई!”

ताण तुटला. ऋता हसत स्कूटर काढायला धावली. दहाव्या पावलावर कुणीतरी कमरेला धरून खेचावं तशी ती आईकडे ओढली गेली.

“तेच सांगत होते,” हेमलताबाई म्हणाल्या. “तुटलेलं टोक मोकळं राहत नाही गं. जवळ असेल त्याला धरतं.”